आधी दोष सांगा, मग फ्लॅट दाखवा

पुण्यात सिंहगड रोडला मी 16 वर्षं इस्टेट एजंटचं काम करते. या धंद्यात नव्यानं आलेल्या मुली विचारतात, "ताई, तुमच्याकडे जाहिरातीशिवाय माणसं येतात कशी?" मी त्यांना आधी कागदांपाशी बसवते.

पार्टीला, म्हणजे घर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला, फ्लॅट दाखवण्याआधी त्याची फाइल स्वतः वाचा. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा), ताब्याची तारीख, चालू असलेले दावे बघता येतात. बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे पार्टीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. रीसेल असेल तर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याची महापालिकेची परवानगी) आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला मागा. मालकाचं कर्ज बाकी आहे का, हे विचारायला लाजू नका.

मग जागेवर जा, एकट्याच, आणि जमलं तर संध्याकाळी. मी स्वयंपाकघरातला नळ सोडून धार बघते. वॉचमनला विचारते, टँकर कुठल्या महिन्यात सुरू होतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तळवा टेकवते. रंग ताजा आणि भिंत गार लागली, तर ओल आहे का हे मालकाला तिथंच विचारते. टेप कायम पर्समध्ये असतो. सहा फुटी पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडतं का, हे मोजूनच कळतं. सापडलेलं सगळं पार्टीला जिना चढायच्या आधी सांगायचं. घरात शिरल्यावर सांगितलं तर ते नाइलाजानं कबूल केल्यासारखं वाटतं.

एका निवृत्त शिक्षकांना वरच्या मजल्यावरचा फ्लॅट फार आवडला होता, टोकनचा चेकही लिहून तयार होता. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं. मी म्हटलं, "सर, चेक खिशात ठेवा." मालक चिडला, दलाली बुडाली, त्या महिन्यात ऑफिसचं भाडं मी घरखर्चातून भरलं. सरांनी पुढे घर घेतलं तेही दुसऱ्याकडून. मला लागलं ते. पण वर्षाच्या आत त्यांचे साडू आणि त्यांच्या शाळेतल्या दोन बाई आल्या, "सरांनी पाठवलंय" म्हणत.

पैशाचा हिशोब कागदावर लिहून द्या. शहरात 70 लाखांच्या फ्लॅटला 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 4,90,000 आणि नोंदणी फी 30,000. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत, म्हणजे 70,000 वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत लागलं की ती सवलत जाते. हे ऐनवेळी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात कळलं, तर माणूस तुम्हालाच धरतो, आणि बरोबर धरतो. त्याच कागदावर आपली दलाली किती आणि कधी द्यायची, तेही लिहा.

नवे गिऱ्हाईक सुचवा, असं करारनाम्याच्या दिवशी म्हणू नका. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात फक्त हप्ता असतो. महावितरणचं बिल आणि महापालिकेचा मिळकतकर त्यांच्या नावावर करायला सोबत जा. नव्या नावाचं पहिलं लाइट बिल आलं की बहुतेक वेळा फोन त्यांचाच येतो, आणि बोलता बोलता कुणाच्या तरी भाचीला घर हवंय हे निघतं.