पोरांना एनर्जी शिकवायची तर आधी थर्मामीटर आणा

एक्झोथर्मिक म्हणजे उष्णता बाहेर, एंडोथर्मिक म्हणजे आत, हे पोरं घोकून पेपरात लिहितात पण हाताला गार-गरम काहीच लागलेलं नसतं. त्यापेक्षा गोव्यात घरात मिळतं त्यावर करून दाखवा. थर्मामीटर लॅबवाला घ्या, तापाचा चालत नाही, तो 35 डिग्रीच्या खाली वाचतच नाही.

आधी गार होणारं. काचेच्या ग्लासात अर्धा कप माडाचं व्हिनेगर घ्या, आकडा लिहून ठेवा आणि एक चमचा खायचा सोडा हळूहळू टाका. फेस बसेपर्यंत आकडा काही डिग्री खाली येतो. एखादं पोर विचारणारच, सर उष्णता आत घेते तर मग ही रिॲक्शन आपोआप होते कशी? प्रश्न टाळू नका. गॅस सुटून मोकळा पसरतो, म्हणजे एन्ट्रॉपी (एनर्जी नि कण किती विखुरलेत त्याचं माप) वाढते, आणि तेवढ्यावर रिॲक्शन पुढे सरकते.

आता गरम. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, 6 टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी घालून पातळ करा, चष्मा-ग्लोव्हज घाला, आणि झाकण अजिबात लावायचं नाही, ऑक्सिजन सुटतो. एका ग्लासात कच्चा बटाटा किसून, दुसऱ्यात उकडलेला. कच्च्यात फेस येतो, आकडा चढतो, उकडलेल्यात जवळपास शुकशुकाट. कच्च्यात कॅटॅलेज एन्झाइम आहे, उकडल्यावर ते बिघडतं. पण हे नीट सांगा की एन्झाइम एनर्जी देत नाही, फक्त सुरुवातीची चढण, म्हणजे रिॲक्शन सुरू व्हायला लागणारी एनर्जी, कमी करतं. बाटलीत पेरॉक्साइड महिनोन्‌महिने आपलं आपण फुटतच असतं, एकूण उष्णता तेवढीच.

आणि हो, "बॉन्ड तुटला की एनर्जी मिळते" हे वाक्य वर्गातून हद्दपार करा बाबा. तोडायला एनर्जी लागते, नवे जुळताना सुटते, उरतं ते वजाबाकीचं. एटीपीचंही (पेशी कामासाठी एनर्जी ज्यातून घेते तो रेणू) तसंच, पाण्याशी रिॲक्शन होऊन जे नवं बनतं ते जास्त स्थिर असतं म्हणून एनर्जी मिळते, मोलला साधारण 30 किलोज्यूल.

जिवंत गोष्टींसाठी मात्र काजूचा सीझन गाठा. सत्तरीत नाहीतर पेडण्यात कुणाची भट्टी ओळखीची असेल तर बोंडवांचा (काजूच्या फळांचा) रस आंबताना पोरांना नेऊन दाखवा, खाली आग नाही तरी रस उकळल्यासारखा फसफसतो आणि कोमटही होतो. ते यीस्टचं काम. ऑक्सिजन नसताना यीस्टला एका ग्लुकोजमागे फक्त 2 एटीपी सुटतात, ऑक्सिजन वापरून ग्लुकोज पूर्ण जाळलं असतं तर कितीतरी जास्त. मग बाकीची एनर्जी गेली कुठे? ग्लुकोज जाळलं तर मोलला 2800 किलोज्यूल मिळतात, आणि त्याच ग्लुकोजपासून झालेलं दोन मोल अल्कोहोल जाळलं तर 2700 च्या वर! म्हणजे यीस्टने नुसती चव घेतली, ताट भरलेलंच ठेवलं. फेणीला काडी लावली की निळी ज्योत धरते ती त्याचमुळे (हे पोरांना फक्त सांगा, करायला देऊ नका). सीझन नसेल तर कोमट साखरपाण्यात बेकरीचं यीस्ट घालून थर्मासमध्ये ठेवा, तोंडाला नुसता कापूस, दर तासाने आकडा घ्या, आणि शेजारी बिनयीस्टचा थर्मास हवाच, नाहीतर फरक दाखवणार कशाशी?