परीक्षेसाठी शांत खोली कशी मिळवली

मी ऑटिस्टिक आहे, मुंबईत एमए करते. परीक्षेचा हॉल रेल्वे रुळांना लागून. लोकलचा भोंगा आणि ट्यूबलाइटची गुणगुण, यांत प्रश्नच डोक्यात शिरत नसे. 'जादा वेळ फक्त अंधांना,' असं ऑफिसात ऐकवलं. मग लेखी अर्ज दिला: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता (ऑटिझम) आहे, सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत. मागण्या नेमक्या ठेवल्या: वेगळी शांत खोली, तासाला २० मिनिटं जादा, सूचना लेखी. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली. खरं काम त्या पोचेनेच केलं, पुढच्या टेबलावर 'अर्जच आला नाही' म्हणायची सोय उरली नाही. मंजुरी मिळाली. आता ज्युनिअर मुलांबरोबर मी अर्ज लिहायला बसते. सही मात्र त्यांचीच हवी, पालकांची नको, हा माझा आग्रह.