पहिल्या सेमिस्टरच्या आधीची तयारी : संगणकशास्त्र शिकायला निघालेल्यांसाठी

प्रवेश पक्का झाला की पहिला प्रश्न येतो तो लॅपटॉप कोणता घ्यायचा याचा. तो प्रश्न आपण शेवटाकडे पाहू, कारण पहिल्या वर्षात मुलं लॅपटॉपमुळे अडत नाहीत. स्वतः लिहिलेला प्रोग्राम ओळीगणिक काय करतोय, हे त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही, तिथे ती अडतात. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसून मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, म्हणून ही सगळी यादी त्याच एका गोष्टीभोवती फिरते.

सुरुवात अभ्यासक्रमापासून करा. पहिल्याच नव्हे, सगळ्या सेमिस्टरचे विषय वाचा. संगणकशास्त्राचा कल अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या ठरावीक पायऱ्या), ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) यांच्याकडे असतो. माहितीशास्त्रात माहिती साठवायची कशी, तिची वर्गवारी कशी लावायची, शोधणाऱ्याला ती सापडते कशी, यावर भर असतो. दोन्हींची सरमिसळ प्रत्येक विद्यापीठात वेगळी असते, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. कुठल्या विषयाच्या आधी कुठला विषय पूर्ण व्हावा लागतो, ते एका कागदावर बाण काढून मांडा. गणिताचा एक पेपर राहिला की पुढचे किती विषय अडून बसतात, ते त्या कागदावर लगेच दिसतं.

आता गणित. हातात सुट्टीचे जेवढे दिवस असतील त्यांतले निम्मे मी इथे घालवायला सांगेन. संच, तर्कशास्त्रातले ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’, मोजणीचे नियम, लॉगॅरिदम आणि गणिती विगमन (इंडक्शन), एवढं पक्कं हवं. लॉगॅरिदम शाळेत रुक्ष वाटतो, पण इथे त्याला अर्थ येतो. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींतून एक शोधायची आहे. दर वेळी मधली नोंद पाहायची आणि नको असलेला अर्धा भाग सोडून द्यायचा. जास्तीत जास्त 20 वेळा पाहून काम होतं, कारण 2 चा विसावा घात 10,48,576 आहे. विगमन नीट समजलं असेल तर रिकर्शन (प्रश्न त्याच्याच लहान रूपावरून सोडवणं) शिकताना धाप लागत नाही, विचार तोच आहे. ‘विषम संख्येचा वर्ग विषमच असतो’ हे दुसऱ्याला पटेल असं चार ओळींत लिहून पाहा. जमलं नाही तरी हरकत नाही, पण नेमकं कुठे अडलं ते लिहून ठेवा.

प्रोग्रामिंगची भाषा एकच धरा, विभाग पहिल्या वर्षी शिकवतो ती. सी 1972च्या सुमाराची, पायथन 1991ची. दोन्ही आजही शिकवल्या जातात आणि व्हेरिएबल, लूप, फंक्शन, अ‍ॅरे यांची समज दोन्हींत उपयोगी पडते. तीन भाषांचे तीन अर्धवट कोर्स करून येणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

आणि ड्राय रन, म्हणजे प्रोग्राम यंत्राशिवाय ओळीगणिक कागदावर चालवून पाहणं, शिकून या, वही-पेन्सिल घेऊन. यादीतली सगळ्यांत मोठी संख्या शोधायचा प्रोग्राम घ्या. बरेच जण सुरुवातीला ‘मोठी’ची किंमत 0 धरतात आणि पुढची प्रत्येक संख्या तिच्याशी ताडून पाहतात. वहीत रकाने पाडा : फेरी, आताची संख्या, ‘मोठी’ची किंमत. यादी घ्या -7, -3, -12. पहिली फेरी, -7 हा 0 पेक्षा मोठा नाही, ‘मोठी’ 0च राहिली. दुसरी, तिसरी, तसंच. उत्तर आलं 0, जे यादीत नाहीच! एरर आली नाही, प्रोग्राम सुरळीत चालला, फक्त उत्तर चुकलं. ‘मोठी’ची सुरुवात यादीतल्या पहिल्या संख्येने करायची, हे त्या रकान्यांकडे पाहताना विद्यार्थिनीला स्वतःहून सुचतं, तो क्षण मला फार आवडतो.

यंत्र आकडे आणि अक्षरं कशी ठेवतं, याचीही तोंडओळख करून घ्या. पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज करा, 0.30000000000000004 दिसेल. दशांश अपूर्णांक यंत्राच्या द्विमान (फक्त 0 आणि 1च्या) पद्धतीत दर वेळी नेमके मावत नाहीत. मग ‘क्षि’ची लांबी विचारा. आपल्याला एक अक्षर दिसतं, पायथन 4 सांगतो : क, हलन्ताचं चिन्ह, ष आणि वेलांटी. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत त्याला 12 बाइट लागतात. देवनागरीत लिहिणाऱ्याने हे एकदा तरी स्वतः करून पाहावंच.

टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, फोल्डर बदलणं, फाइल हलवणं, प्रोग्राम चालवणं एवढं आलं तरी पुरे. गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं 2005पासूनचं साधन आहे. त्यात रोजच्या कामाचं कमिट करायची, म्हणजे त्या वेळची स्थिती नोंदवून ठेवायची, सवय लावा, म्हणजे काल चालणारा कोड आज बिघडला तर मागे जाता येतं. एरर आली की घाबरून खिडकी बंद करू नका, ती वाचा. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची, सीच्या कंपायलरने दहा एरर दाखवल्या तर पहिली आधी दुरुस्त करायची. पुढच्या नऊपैकी कित्येक तिच्यामुळेच आलेल्या असतात.

लॅपटॉपला 8 जीबी मेमरी असली तरी पहिलं वर्ष निघतं, 16 असली तर उत्तम. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर चालवता येते का, ते पाहा. कामाची एक प्रत लॅपटॉपबाहेर ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आणि मित्राचा कोड वापरण्याबद्दल विभागाचे लेखी नियम पहिल्याच आठवड्यात वाचून घ्या. नियम परवानगी देत असले तरी पहिला प्रयत्न स्वतःचाच असू द्या. उत्तर आयतं मिळालं की रकाने पाडायची वेळच येत नाही.

शंका घेऊन शिक्षकांकडे जाल तेव्हा तीन ओळी लिहून न्या : काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि तोवर काय काय करून पाहिलं. तिसरी ओळ लिहितानाच कित्येकांची चूक सापडते आणि ते दारातूनच हसत परत जातात.