संत्र्याचा केक वाटायचाय? या चुका टाळा

घरभर संत्र्याचा वास सुटलेला असतो, पण केकचा तुकडा तोंडात टाकला की नुसतं गोड लागतं. ही तक्रार मी खूप जणींकडून ऐकली आहे आणि माझ्या पहिल्या दोन-तीन केकचंही हेच झालं होतं. मी नागपुरात राहते. डिसेंबरात संत्रीवाला दारावर येतो, घरात संत्र्यांना तोटा नसतो, म्हणून मी रस वाढवत गेले. एक कपाचा सव्वा कप केला, मग दीड. केक चिकट आणि जड झाला, वास काही आला नाही.

वास मुळात रसात फार नसतोच, तो सालीत असतो. संत्र्याची साल दुमडून दाबली की बारीक फवारा उडतो आणि डोळ्यांत गेला तर चुरचुरतं. ते सालीतलं तेल. वरच्या नारिंगी थरावर जे बारीक ठिपके दिसतात, त्यांच्यात ते साठलेलं असतं. रस केकला आंबटगोड चव देतो, ओलावा देतो. संत्र्याची ओळख मात्र साल देते. हे कळल्यापासून मी रस मोजून घेते आणि सगळं लक्ष सालीवर ठेवते.

साल आधी किसा, रस नंतर काढा

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. सोलायला तीच सोय, पण किसताना तीच अडचण, कारण साल किसणीवर सरकते आणि सुरकुतते. रस काढून झाल्यावर उरलेल्या सालीचा कीस करायला गेलात तर बोटं सोलवटतील आणि कीस जेमतेम चिमूटभर निघेल. म्हणून अख्खं, ताजं, घट्ट फळ घ्या, कोमट पाण्यात चोळून धुवा, कोरडं करा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गार साल कडक होते आणि किसणीवर नीट चालते. किसणी सगळ्यात बारीक भोकांची हवी. एका जागी एक-दोनदाच फिरवायची, लगेच फळ वळवायचं. खालचा पांढरा भाग दिसला की थांबायचं, कारण केक कडू होतो तो त्या पांढऱ्यामुळे. एका केकला दोन संत्र्यांची साल पुरते.

बारीक किसणी नसेल तर सोलाण्याने पातळ पट्ट्या काढा, आतलं पांढरं सुरीने खरवडा आणि पट्ट्या साखरेबरोबर मिक्सरमधून फिरवा. चांगलं होतं.

किसलेली साल मिश्रणात शेवटी भुरभुरवू नका. आधी साखरेत घाला आणि बोटांनी पाच मिनिटं चोळा. साखरेचे कण सालीतलं तेल ओढून घेतात, साखर ओलसर आणि पिवळसर होते, आणि तो वास मग केकच्या प्रत्येक घासात उतरतो. एवढं एकच जरी बदललंत तरी फरक कळेल. केशरी रंग आणि इसेन्स घालण्याचा मोह होतो, तोही मग उरत नाही. खऱ्या संत्र्याचा केक आतून फिकट पिवळाच असतो. तो केशरी दिसला तर रंग बाटलीतला आहे असं समजावं.

कडूपणाची आणखी दोन कारणं आहेत आणि ती सहसा लक्षात येत नाहीत. एक म्हणजे मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेल्या फोडी. दुसरं, आधी काढून ठेवलेला रस. संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि ठेवला की हळूहळू कडवट होत जातो. आदल्या रात्री रस काढून ठेवण्याची तयारी इथे अंगाशी येते. रस वेळेवर काढा, गाळून घ्या, आणि उकळून आटवू नका. डिसेंबर-जानेवारीत बाजारात किनूही येतो आणि बऱ्याचदा ‘नागपुरी’ म्हणूनच विकला जातो. त्याची साल घट्ट आणि चकचकीत असते, बिया भरपूर असतात. साल वापरायला छान, रसाच्या बाबतीत मात्र जास्तच जपावं लागतं. मोसंबीचा केक करायचा असेल तर तिच्यात आंबटपणा कमी, वासही हलका. तिला एक लिंबू जोडीला द्या, त्याची सालही हलक्या हाताने किसून घाला.

माझं प्रमाण

वाटायचा केक मी बिनअंड्याचाच करते. मैदा दीड कप (१८० ग्रॅम), साखर पाऊण कप (१५० ग्रॅम), ताजा रस १ कप (२४० मिली, मध्यम आकाराची चार-पाच संत्री), वास नसलेलं तेल एक तृतीयांश कप (८० मिली), बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि दोन संत्र्यांची साल. भांडं ७ इंची गोल किंवा ६ इंची चौकोनी.

इथे कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिली. घरातली वाटी प्रत्येकाची वेगळी असते, आणि पोह्यांचा चमचा हे सोड्याचं माप नव्हे.

सोड्याचं गणित

केक बसतो, साबणासारखा लागतो, वरून काळपट होतो. या तिन्हींमागे बहुतेकदा जास्तीचा सोडा असतो. सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं. दोघं भेटले की वायू तयार होतो आणि केक फुगतो. एक कप संत्र्याच्या रसातला आंबटपणा साधारण अर्धा छोटा चमचा सोडा वापरून टाकतो. त्यापेक्षा जास्त घातलात तर उरलेला सोडा तसाच केकमध्ये राहतो आणि जिभेला कळतो. ‘जास्त फुगावा म्हणून पाव चमचा जास्त’ हा हिशोब उलटा पडतो: मिश्रण आधी भराभर फुगतं, मैद्याला ते पेलवत नाही आणि केक मधोमध खाली बसतो. संत्री अगदीच गोड निघाली तर सोडा वाढवू नका, रसात एक छोटा चमचा लिंबाचा रस घाला.

दुसरी गोष्ट वेळेची. रस आणि सोडा भेटल्याक्षणी वायू सुटायला लागतो. मिश्रण तयार करून मग ओव्हन लावायचा, भांड्याला तूप लावायचं, बटर पेपर शोधायचा, तोवर अर्धा जोर निघून गेलेला असतो. आधी ओव्हन तापवा, भांडं तयार ठेवा, मैदा-पावडर-सोडा-मीठ दोनदा चाळून ठेवा. दुसऱ्या भांड्यात चोळलेली साखर, रस आणि तेल एकत्र करा. दोन्ही एकत्र करण्याचं काम सगळ्यात शेवटी.

बेकिंग पावडर जुनी असेल तर वरचं सगळं फुकट जाईल. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. जोरात फसफसली तर वापरा, नाहीतर नवी आणा.

मैदा घातल्यावर फेटायचं नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की चमचा खाली ठेवा. दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तरी भाजताना विरघळतात. जास्त घोटलं की मैदा चिवट होतो आणि केक रबरासारखा लागतो. मिश्रण घट्ट वाटलं तर सैल करायला दूध घालू नका, ते रसाने फाटतं. चमचाभर रसच घाला.

ओव्हन आणि कुकर

ओटीजी १७० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं तापवून घ्या आणि भांडं मधल्या जाळीवर ठेवा. लहान ओटीजीत वरचा रॉड केकच्या फार जवळ येतो. मग वरची बाजू लवकर कडक होते, आतलं मिश्रण फुगून तिला फोडतं आणि केक वरून तडकतो, आत कच्चा राहतो. रंग लवकर चढतोय असं दिसलं तर २५ मिनिटांनंतर वर फॉइल सैल ठेवा. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. एकूण ३५ ते ४५ मिनिटं लागतात. टूथपिक मधोमध घाला, कडेला नाही.

कुकरमध्ये करायचा तर शिट्टी आणि झाकणाचं रबर दोन्ही काढा, तळाशी इंचभर मीठ, त्यावर स्टँड, आणि पाण्याचा थेंबही नको. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग भांडं ठेवायचं आणि आच मंद करायची. इथे केक वरून फिकटच राहतो. तो कच्चा आहे असं वाटून भाजत राहाल तर तळ करपेल.

दहा जणांसाठी दुप्पट करताना

वाटायचं म्हटलं की प्रमाण दुप्पट होतं आणि सगळं मिश्रण त्याच भांड्यात किंवा जरा मोठ्या भांड्यात जातं. ७ इंची भांड्याच्या दुप्पट ९ इंची होत नाही, १० इंची लागतं. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरलं तर कडा कोरड्या होईपर्यंत मधला भाग कच्चाच राहतो. मी दोन वेगळी भांडी वापरते. ओव्हन लहान असेल तर दुसरं मिश्रण पहिला केक बाहेर निघताना कालवते, आधी कालवून ठेवत नाही.

चौकोनी भांडं वाटायला सोयीचं. ६ इंची केकचे दीड-दीड इंचाचे सोळा सारखे तुकडे होतात. गोल केकचे सोळा तुकडे केले की टोकं मोडतात आणि शेवटच्या घरी चुरा पोचतो.

दुसऱ्या दिवशी कसा लागेल?

घरचा केक गरम गरम संपतो. दिलेला केक मात्र लोक संध्याकाळी खातात, उद्या खातात, मुलांच्या डब्यात देतात. म्हणून मी इथे लोणी वापरत नाही. नागपूरच्या थंडीत लोण्याचा केक सकाळी कडक झालेला असतो, तेलाचा मऊ राहतो. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल नको, त्यांचा वास संत्र्यावर चढतो.

सगळ्यात जास्त केक बिघडतात ते डब्यात. गरम केक झाकला की वाफ झाकणाला लागते, थेंब परत केकवर पडतात, वरची बाजू चिकट होते आणि बुरशी लवकर येते. दहा मिनिटं भांड्यात, मग जाळीवर काढून दोन तास, त्यानंतरच कापायचा, तोही धारदार सुरीने न दाबता. जमलं तर आदल्या दिवशी करा. रात्रभर मुरलेला संत्र्याचा केक जास्त चांगला लागतो. थंडीत बंद डब्यात बाहेर दोन दिवस टिकतो. फ्रीजमध्ये ठेवला की उलट लवकर कोरडा पडतो, उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या दिवसापासून तो ठेवावाच लागतो. वर पिठीसाखरेचं जाड आयसिंग घातलंत तर ते झाकणाला चिकटून जाईल. त्याऐवजी दोन मोठे चमचे रसात दोन मोठे चमचे साखर विरघळवा, गरम केकला टूथपिकने टोचे मारा आणि ते हळूहळू मुरवा.

आणि माणसं लक्षात घ्या. अंडं घातलं असेल तर विचारायच्या आधी सांगा. ‘थोडंच आहे, कळत नाही’ असं मनातही आणू नका, कोणी तुमच्या भरवशावर खातंय. अक्रोड-काजू घातले असतील तर तेही सांगा. संकष्टीला किंवा एकादशीला सकाळी केक नेऊन दिला तर घेणाऱ्याला तो ठेवून द्यावा लागतो. कॅलेंडर बघून एक दिवस पुढे-मागे करा. कागदी खोक्यातून दिलेला मला बरा वाटतो. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि एखाद्या थकल्या घरावर त्याचंही ओझं होतं.

बिघडलाच तर

मध्ये बसलेला पण पूर्ण भाजलेला केक चौकोनी तुकडे करून खुशाल द्या, चवीत काही कमी नसतं. तळ करपला असेल तर गार झाल्यावर किसणीने हलकेच खरवडा. कोरडा झाला तर वर सांगितलेला साखर-रस तुकड्यांवर चमच्याने सोडा आणि तासभर झाकून ठेवा. आत कच्चा राहिलेला केक गार झाल्यावर परत भाजून सुधारत नाही, तो मात्र वाटू नका. त्याच्या भाजलेल्या कडा बोटभर जाडीच्या कापा, १५० अंशांवर वीसेक मिनिटं दोन्ही बाजूंनी भाजा. सकाळच्या चहाला कुरकुरीत टोस्ट होतात, आणि डब्यात आठवडाभर राहतात.