नेटवर्किंग शिकवायचं कसं: सात थर नंतर, आधी मास्क आणि गेटवे

पदविकेच्या मुलांना संगणक नेटवर्कचा विषय मी बरीच वर्षं शिकवते आहे. पहिल्याच तासाला फळ्यावर नेटवर्कच्या कामाचे सात थर म्हणून सात खणांची शिडी काढायची, खालून वर फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क अशी नावं भरायची आणि ती लक्षात राहावीत म्हणून एखादं वाक्य पाठ करून घ्यायचं, ही पद्धत मी पूर्ण सोडली. तुम्हीही सोडा. जी वस्तू मुलांनी डोळ्यांनी पाहिली नाही, तिचे सात भाग ती काय ओळखणार? आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, १ जानेवारी १९८३ ला टीसीपी/आयपी या नियमांवर गेलं आणि ओएसआयचं सात थरांचं मानक १९८४ साली प्रसिद्ध झालं. चालतं नेटवर्क आधी होतं, मानक मागून आलं. वर्गातही हाच क्रम ठेवा. थरांची नावं मी साधारण आठव्या-नवव्या तासाला देते. तोवर प्रत्येक नावाला चिकटवायला मुलांकडे पाहिलेलं काहीतरी असतं.

एक स्विच (संगणक एकमेकांना जोडणारा डबा), चार-पाच संगणक, रूटरचं (एका नेटवर्कातून दुसऱ्यात माहिती नेण्याचं) काम करणारी दोन यंत्रं आणि सगळीकडे वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, दाखवणारं सॉफ्टवेअर), एवढं तुमच्या प्रयोगशाळेत आहे असं धरून पुढे लिहिते.

आवाजापासून सुरुवात

दूरसंचाराचा भाग दोन तासांत होतो. टेलिफोनवरचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत धरतात, म्हणून सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ८,००० नमुने घ्यायचे. दर नमुन्याला ८ बिट (म्हणजे एक बाइट), म्हणून सेकंदाला ६४,००० बिट. हा गुणाकार मुलांनाच करू द्या. बिट आणि बाइट यांतला घोळ इथेच मिटतो, पुढे वर्षभर निस्तरावा लागत नाही.

दुसरा तास क्षमता आणि विलंब यांतल्या फरकाला. माझं आवडतं उदाहरण नारायणगावाजवळच्या आर्वीचं आहे. तिथे १९७१ साली परदेशाशी दळणवळणासाठी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. शब्द वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद जवळजवळ जातो आणि समोरच्याचं उत्तर आपल्या कानावर पडेपर्यंत अर्धा. लाइनची क्षमता दसपट केली तरी यातला एक क्षणही वाचत नाही. हे एकदा पटलं की ‘नेट स्लो आहे’ म्हणणारा मुलगा पुढच्या वेळी ‘स्लो म्हणजे नेमकं काय?’ असं स्वतःलाच विचारतो.

केबलला टोक बसवताना तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू देऊ नका. बाकी हात आपोआप शिकतो.

खरी अडचण: मास्क आणि गेटवे

इथे वेळ काढा. निदान सहा तास. अभ्यासक्रमात याला दोन तास दिलेले असतील, तर उरलेले चार कुठूनही आणा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

सुरुवातीची काही वर्षं मी सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा) गणित म्हणून शिकवत होते. २५६ वजा १९२ बरोबर ६४, म्हणून गट ०, ६४, १२८, १९२ पासून सुरू होणार. मुलं पटापट सोडवायची, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवायची. मग एका प्रॅक्टिकलला शेजारशेजारचे दोन संगणक एकमेकांना पिंग करेनात (पिंग म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून उत्तर येतंय का पाहणं). स्विच एकच, दिवे दोन्हीकडे लागलेले. त्याच आठवड्यात मास्कची वीस गणितं बिनचूक सोडवलेल्या मुलांनी तीनदा केबल बदलली, एकदा स्विच बंद करून चालू केला, आणि मास्ककडे एकानेही पाहिलं नाही. आपण पोरांना उत्तर शिकवलं, प्रश्न शिकवलाच नाही, हे मला तेव्हा कळलं. आजही बाजारातल्या बहुतेक गाइडांमध्ये ते गणितच ‘सोपी युक्ती’ म्हणून छापलेलं असतं. पहिल्या दिवशी ती युक्ती देऊ नका. समज आल्यावर दिलीत तर चालेल.

तो प्रश्न असा. कुठलंही यंत्र पॅकेट पाठवण्याआधी स्वतःला विचारतं: ज्याला हे पाठवायचं तो माझ्या गल्लीतला, म्हणजे माझ्याच नेटवर्कातला, आहे की बाहेरचा? गल्लीतला असेल तर आयपी पत्त्यावरून (नेटवर्कातल्या पत्त्यावरून) मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) विचारणारी एआरपीची हाक मारायची, ‘हा आयपी पत्ता कुणाचा? तुझा मॅक पत्ता सांग,’ आणि थेट त्याच्या हातात द्यायचं. बाहेरचा असेल तर त्याला हाक मारण्यात अर्थ नाही. मग हाक गेटवेला, म्हणजे बाहेर नेणाऱ्या रूटरला, मारायची आणि पॅकेट त्याच्याकडे सोपवायचं. मास्कचं एकमेव काम म्हणजे या प्रश्नाचं उत्तर देणं.

पत्त्याचा पुढचा भाग पाहून दिशा ठरवायची, ही कल्पना मुलांना नवी नसते, कारण पिन कोड त्यांना माहीत असतो. पिन कोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ते आपल्याच कोकणातले, संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड लागू झाला. पहिला आकडा ४ दिसला की पत्र महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेशाच्या विभागाकडे; पहिले तीन ४११ दिसले की पुण्याकडे. पुढचे तीन आकडे तोवर कुणी बघायची गरज नसते. आयपी पत्त्याचंही तसंच, पुढचे काही बिट म्हणजे गल्ली आणि मागचे म्हणजे घर.

पण पिन कोडचं उदाहरण इथेच सोडा. ते पुढे ताणलं की मुलं फसतात, आणि मी स्वतः त्यांना असं फसवलेलं आहे. पिनमध्ये गल्लीची सीमा नेहमी आकड्याच्या कडेला पडते. मास्कमध्ये ती आकड्याच्या पोटात पडू शकते. १९२.१६८.१०.२० आणि १९२.१६८.१०.७० हे पत्ते नुसते पाहून एकाच गल्लीतले वाटतात. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर आहेतही. मास्क २५५.२५५.२५५.१९२ असेल तर नाहीत.

हे पटवायला मी आलेख कागद वापरते. शेवटच्या आकड्यासाठी आठ चौकोन. २० म्हणजे ०००१०१००, ७० म्हणजे ०१०००११०. दोन्ही एकाखाली एक लिहायचे. मग पुठ्ठ्याची पट्टी घेऊन, मास्कमध्ये जिथे ० तिथले चौकोन झाकायचे, जिथे १ तिथले उघडे ठेवायचे. १९२ म्हणजे ११००००००, त्यामुळे पहिले दोनच चौकोन दिसतात: वर ००, खाली ०१. वेगळे, म्हणजे बाहेरचा. पट्टी डावीकडे सरकवून आठही चौकोन झाकले की फरक दिसेनासा होतो, म्हणजे गल्लीतला. ‘अँड’ क्रियेचं नाव हे सगळं झाल्यावर सांगा. पट्टी प्रत्येकाच्या हातात हवी. फळ्यावर करून दाखवलेली पट्टी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

यानंतर एक वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या: मास्क पॅकेटमधून जात नाही. पॅकेटच्या माथ्यावरच्या आयपी हेडरमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो, मास्कला जागाच नाही. समोरच्याचा मास्क काय हे आपल्या यंत्राला कधीच कळत नाही. ते दोन्ही पत्त्यांवर आपलीच पट्टी ठेवून पाहतं. त्यामुळे ‘हा माझ्या गल्लीतला’ असं एकाला वाटत असताना दुसऱ्याला तसं वाटेलच असं नाही.

आता मुद्दाम मोडा

पहिला संगणक: १९२.१६८.१०.२०, मास्क २५५.२५५.२५५.०. दुसरा: १९२.१६८.१०.७०, मास्क २५५.२५५.२५५.१९२, गेटवे १९२.१६८.१०.६५, आणि त्या ६५ वर कुणीही नाही. दोन्ही एकाच स्विचवर. सुरू करण्याआधी विंडोजच्या फायरवॉलमध्ये पिंगला परवानगी द्या. ती मुळात बंद असते. हे विसरलात तर प्रयोग भलत्याच कारणाने फसेल आणि मुलं चुकीचा धडा घेऊन घरी जातील.

मुलांना आधी अंदाज लिहायला लावा. दोन्हीकडून काय होईल, संदेश कोणता येईल, हे पेनाने लिहायचं, खोडायचं नाही. मग पिंग करा.

पहिल्याकडून पिंग केलं की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतं. दुसऱ्याकडून केलं की ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. जोडी तीच, अपयश तेच, पण संदेश वेगळे. आता दुसऱ्या संगणकावर वायरशार्क उघडा. पहिल्याची हाक आलेली दिसते, तिला उत्तर गेलेलं दिसतं, पिंगची विनंतीही पोहोचलेली दिसते. आणि त्यापुढे हाकांची रांग: ‘१९२.१६८.१०.६५ कुणाचा?’ ‘१९२.१६८.१०.६५ कुणाचा?’ उत्तर द्यायला दुसरं यंत्र तयार आहे, पण त्याच्या पट्टीप्रमाणे पहिला बाहेरचा ठरतो, म्हणून ते नसलेल्या गेटवेला शोधत बसलं आहे. पॅकेट गेलं आणि उत्तरच परत आलं नाही, म्हणून पहिल्याला ‘वेळ संपली’. दुसऱ्याकडून निघताना पॅकेट बाहेरच पडलं नाही, म्हणून त्याला ‘पोहोचता येत नाही’.

ती रांग पडद्यावर दिसते तेव्हा वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी हा विषय शिकवते. त्या वेळी तुम्ही बोलू नका. काय दिसतंय ते एखाद्या मुलीला सांगू द्या.

पाकिटातलं पाकीट

दुसरी अडचण याच्याच पोटातली: पत्ते दोन कशाला? प्रत्येक नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता साधारणपणे जगात वेगळा असतो असं सांगितलं की मुलं विचारतात, मग आयपी हवा कशाला. प्रश्न रास्त आहे, त्याला ‘थर वेगळे आहेत’ हे उत्तर देऊ नका.

सावंतवाडीहून लातूरला निघालेलं पत्र घ्या. पाकिटावरचा पत्ता शेवटपर्यंत तोच राहतो. पण पत्र एकटं जात नाही, थैलीतून जातं, आणि त्या थैलीच्या चिठ्ठीवर फक्त पुढच्या कार्यालयाचं नाव असतं. तिथे थैली उघडते, पत्रं निवडली जातात, नव्या थैलीत नव्या चिठ्ठीने पुढे निघतात. पाकिटावरचा पत्ता म्हणजे आयपी, थैलीवरची चिठ्ठी म्हणजे मॅक.

वर्गात हे नाटक करून घ्या. दोन मुलं संगणक, दोन रूटर. आतल्या पाकिटावर आयपी पत्ते आणि कोपऱ्यात ६४ हा आकडा. बाहेरच्या पाकिटावर मॅक पत्ते. रूटर झालेल्या मुलाने बाहेरचं पाकीट खरोखर फाडायचं, कोपऱ्यातला आकडा एकने कमी करायचा, नवं पाकीट चढवायचं. फाडणं महत्त्वाचं आहे. नुसतं ‘बदललं असं समजा’ म्हणून भागत नाही. शेवटी फाटलेली पाकिटं मोजा. दोन रूटर असले की बाहेरची पाकिटं तीन लागतात, आतलं एकच. कोपऱ्यातला आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला कळवायचं, हाही नियम त्याच नाटकात घाला. मग ट्रेसरूट (वाटेतले रूटर दाखवणारी आज्ञा) समजवायला पाच मिनिटं पुरतात.

‘आतला पत्ता कधीच बदलत नाही’ असं मात्र म्हणू नका. घरच्या वायफायच्या रूटरवर तो बदलतोच. ‘आपल्या या नाटकात बदलत नाही’ म्हणा, आणि ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले आयपीव्ही-४ चे, म्हणजे याच ३२ बिटांच्या आयपी पत्त्यांचे, शेवटचे गट वाटून संपले हे सांगाल तेव्हा पत्ता बदलण्याची गोष्ट काढा. ३२ बिट म्हणजे सव्वाचारशे कोटींहून थोडे जास्त पत्ते. एका घराने एकच पत्ता सगळ्यांत वाटून का वापरायचा, हे मग मुलंच सांगतात.

डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणं) आणि डीएचसीपी (यंत्राला आपोआप पत्ता मिळणं): वायरशार्क लावून एकदा पाहा, पुरे.

ए, बी, सी वर्गांचे पत्ते (पहिल्या आकड्यावरून मास्क ठरवण्याची जुनी पद्धत) परीक्षेत विचारतात म्हणून शेवटच्या आठवड्यात सांगा, आणि सांगताना हेही सांगा की १९९३ मध्ये सीआयडीआर (गल्लीची सीमा कुठल्याही बिटवर ठेवू देणारी पद्धत) आल्यापासून पत्त्यांची वाटणी वर्गांनी होत नाही. ते आधी शिकवलेत तर १९२ दिसलं की मास्क २५५.२५५.२५५.० असं मुलं डोळे मिटून लिहितात, आणि पट्टीवर घालवलेले सहा तास पाण्यात जातात.

तोंडी परीक्षेला मी एकच प्रश्न ठेवते. संगणकाच्या सेटिंगमधून गेटवेचा पत्ता पुसून टाकला, तर याच गल्लीतल्या प्रिंटरवर छपाई होईल का? जो ‘नेट बंद पडेल, काहीच चालणार नाही’ म्हणतो, त्याला मी गुण न कापता पुठ्ठ्याची पट्टी देते आणि प्रिंटरचा पत्ता चौकोनांत लिहायला सांगते. बहुतेक जण पट्टी ठेवता ठेवताच मान वर करून उत्तर बदलतात.