खुबा बदलल्यानंतर पुन्हा चालतं-फिरतं होताना

खुब्याचा सांधा बदलला की बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. घरी आल्यावर जास्त जपायचं ते बसताना. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. असं झालं तर नव्या सांध्याचा गोळा त्याच्या वाटीतून निसटू शकतो. म्हणून रुतणारा सोफा नकोच. हातांची खुर्ची घ्या, बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील इतकी उंच. कमोडवर उंच सीट शस्त्रक्रियेआधीच बसवून ठेवा. खाली पडलेली चप्पल वाकून उचलू नका. बरेचजण इथेच चुकतात.

काठी चांगल्या बाजूच्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि ऑपरेशनचा पाय.

लंगडणं राहतं ते बऱ्याचदा खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर राहिल्याने. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली की ओट्याला धरून, कंबर सरळ ठेवून पाय बाजूला उचला: दहा वेळा, दिवसातून तीनदा.

पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत. मांडी घालणं, उकिडवं बसणं सर्जनला विचारल्याशिवाय नाही.