बाळ फडात, टक्केवारी कागदावर: आरोग्य कार्यक्रमांच्या मूल्यमापनात या चुका टाळा

मराठवाड्यात लसीकरणाच्या किंवा पोषणाच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन करताना सगळ्यात महागात पडते ती सर्वेक्षणाच्या महिन्याची चूक. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडची कितीतरी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. पायाभूत (सुरुवातीचं) सर्वेक्षण जानेवारीत आणि शेवटचं जूनमध्ये घेतलं, तर गाव तेच, पण माणसं वेगळी. जूनमध्ये कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) हिवाळा काढलेली लेकरं मोजणीत येतात, कुपोषण वाढलेलं दिसतं आणि चांगल्या चाललेल्या कामावर फसल्याचा शिक्का बसतो.

दोन्ही सर्वेक्षणं एकाच महिन्यात घ्या. आणि घर बंद दिसलं म्हणून शेजारचं घर धरू नका. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे, नेमकी तीच कुटुंबं अशाने गळतात. बंद घरांची वेगळी नोंद ठेवा, ती अहवालात दाखवा.

लसीकरण 110 टक्के दिसलं, तर आधी भाजक, म्हणजे ज्या संख्येने भागून टक्केवारी काढली ती, तपासा. 2011 च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली लोकसंख्या आजच्या गावाशी जुळेलच असं नाही. त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती दुसऱ्याच तालुक्यात. एचएमआयएसमध्ये (सरकारी आरोग्य माहिती प्रणालीत) सेवा जिथे दिली तिथली संख्या चढते, म्हणून सासरचं उपकेंद्र उगाच मागे दिसतं. आशाताईंच्या नावनिहाय यादीशी ताडून पाहिल्याशिवाय उपकेंद्रांची क्रमवारी लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

असाच घोळ बाळांना तीन डोसांत देतात त्या पेंटा (पेंटाव्हॅलंट) लसीच्या आकड्यांत होतो. समजा, एप्रिलमध्ये पेंटा-1 चे 40 आणि पेंटा-3 चे 46 डोस निघाले. ड्रॉपआऊट, म्हणजे पहिल्या डोसानंतर तिसऱ्यापर्यंत गळालेली मुलं, उणे 15 टक्के! लगेच उपकेंद्राच्या सिस्टरवर (परिचारिकेवर) आकडे फुगवल्याचा आरोप होतो. आधी माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. सहाव्या आणि दहाव्या आठवड्याचे डोस कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या तळावर आणि तिसरा गावी, असं अनेकदा सापडेल. न पाहता रागावलात, तर पुढच्या महिन्यात आकडे बरोबर जुळून येतील, पण ते खरे असतील याची खात्री उरणार नाही.

अंगणवाडीत मुलाचा दंडघेर (दंडाचा घेर) मोजताना स्वतः शेजारी बसा. 11.5 सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, म्हणजे टेप किंचित सैल सुटली तरी आजारी मूल यादीबाहेर जातं. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण, हात मोकळा सोडलेला, टेप कातडीला टेकलेली पण न आवळलेली. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवूनच घ्या. सगळी मापं .0 किंवा .5 वर संपत असतील, तर ती अंदाजे लिहिली आहेत असं समजा.

शून्य आणि रिकामा रकाना यांची गल्लत करू नका: शून्य म्हणजे सेवा झाली नाही, रिकामं म्हणजे माहिती आली नाही.

दर तिमाहीला काही उपकेंद्रांची रजिस्टरं हाताने मोजा. मोजलेली संख्या कळवलेल्या संख्येच्या 90 ते 110 टक्क्यांत नसेल, तर थेट उपकेंद्रात जाऊन विचारा. सापडलेला फरक गटप्रवर्तकांच्या (आशाताईंच्या पर्यवेक्षिकांच्या) मासिक बैठकीत मांडा आणि आशाताईंना त्यामागचं कारण सांगू द्या. नोंदीसाठी नवा फॉर्म काढायचाच असेल, तर तो त्यानंतर वाटा.